मुठीतली मोटार

"हे तुझ्याजवळ ठेव. हे तुझ्याजवळ असलं, की गाडी कुठं जात नाही."

पातूरच्या बाजारात यांनी मला हे म्हटलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. आमची मोटार तेव्हा नवी होती... म्हणजे होती जुनीच, पण आमच्याकडे नवी. यांची अकोल्यात डॉक्टरकी आणि आठवड्यातून एकदा खेड्यांवरची फेरी. बायका यांच्याशी बोलायला लाजत, म्हणून मीही सोबत जायची.

त्या गाडीचं कुलूप नावालाच. कपाटाच्या किल्लीनंसुद्धा ती सुरू व्हायची. एकदा कुणीतरी ती धर्मशाळेपर्यंत नेऊन तिथंच सोडून दिली, तेव्हापासून यांनी युक्ती काढली. गाडी थांबली की बॉनेट उघडायचं, एक झाकण काढायचं आणि आतला रोटर उचलून घ्यायचा. तो नसला की इंजिन नुसतं घुरघुरतं, पेटत नाही.

रोटर म्हणजे काळी, तेलकट, कापसाच्या बोंडाएवढी वस्तू, वर पितळेची पट्टी. रुमालात गुंडाळून हे ती माझ्या हातात द्यायचे. पर्समध्ये तेलाचे डाग पडतात म्हणून मी मुठीतच धरायची. आत हे नाडी बघताहेत, ओसरीवर बायका मला पोराबाळांचं सांगताहेत, आणि माझ्या मुठीत एक अख्खी मोटार झोपलेली आहे... मला फार सुख वाटायचं त्याचं.

परवाची गोष्ट. कापसाचा हंगाम, दुपारची वेळ. बाजाराजवळ एक जुने पेशंट आजारी होते, त्यांना बघायला आम्ही गेलो. यांना हल्ली कमी दिसतं. गाडी अगदी हळू चालवतात आणि मी शेजारी बसून सांगत असते, बैलबंडी आली, पोरगं आलं, गाय आली. त्या दिवशी थांबताना मात्र मी औषधांची पेटी आवरत होते. यांनी गाडी लावली, रोटर काढला, माझ्या हातात दिला.

परत आलो तर गाडी नाही.

मी मूठ उघडून बघितली. रोटर होता... रुमाल, पितळेची पट्टी, सगळं जागच्या जागी. आणि समोर रस्ताच रस्ता, त्यावरून कापसानं भरलेल्या बंड्या चाललेल्या. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते. एवढी वर्षं मी ज्यावर विश्वास ठेवला, ते सगळं मुठीतल्या मुठीत खोटं ठरल्यासारखं झालं.

"नीट बघ," हे म्हणाले. "त्याच्याशिवाय जाईल कशी?"

मी बघत राहिले. मग दूर, लिंबाच्या झाडाखाली, ती दिसली. पुढं दोन पांढरे बैल जुंपलेले, निवांत रवंथ करणारे. गाडी त्यांच्या मागं अशी उभी होती, की जन्मभर तिला बैलांनीच ओढलं असावं. मला ते खरं वाटेना, आणि मोडावंसंही वाटेना.

"दिसली का गं? पुढं पांढरं काय आहे?"

"बैल आहेत."

हे खुदकन हसले.

जवळ गेलो तर एक म्हातारा गाडीवान आमच्या स्टिअरिंगवर बसून तंबाखू मळत होता.

"ये बाबा, कोणाले इचारून नेली गाडी?" हे त्याच्याच बोलीत म्हणाले.

"कोणाले इचारू, डॉक्टरसाहेब? तुमी त नव्हते." तो सावकाश उतरला. "सुरू करून पाह्यली, होयेना. ढकलू ढकलू पोट्टे थकले. मंग म्या म्हटलं, जुपा बैल. बैलाले का समजते, मोटार हाय का बंडी हाय."

"अहो, पण आम्हाला वाटलं चोरीला गेली," मी म्हणाले.

"चोर का सावलीत बांधून ठेवते का, बाई?"

भोवती जमलेले गाडीवान हसले. हेही हसले. मग यांनी विचारलं, "पण हलवली काहून? कडेला तर लावली होती."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचा आवाज उतरला. "कडीले नव्हती, साहेब. भर रस्त्यात होती. मांगं साऱ्या बंड्या अडल्या होत्या."

गाडीवानांनी बैल सोडले, दोर सोडला. यांनी हात पुढं केला, मी रोटर दिला. झाकण बसवायला त्या दिवशी फार वेळ लागला.

घरी येईपर्यंत मी बंडी, पोरगं, गाय सांगत होते. फाटकात वळताना हे म्हणाले, "विकून टाकू आता." एवढंच. मग नेहमीसारखं बॉनेट उघडलं, रोटर काढला, माझ्या हातावर ठेवला आणि या वेळी माझी बोटं स्वतःच मिटली.

बरोबर आहे त्यांचं. मला कळतं... कुणाचं पोरगं चाकाखाली येण्यापेक्षा हेच बरं. अमरावतीचे एक व्यापारी रविवारी गाडी न्यायला येणार आहेत.

तेव्हापासून रोटर माझ्या उशाशी आहे. दुपारी पडल्या पडल्या मी तो मुठीत धरते, आणि पातूरचा रस्ता येतो, ओसऱ्या येतात, आत नाडी बघणारे हे दिसतात, पन्नास पावलांवरचा माणूस ओळखणारे. मग कधीतरी दोन पांढरे बैलही येतात, आणि आम्ही दोघं मागं बसून कुठं जातोय ते विचारत नाही.

या गाडीचे सुटे भाग आता कुठंच मिळत नाहीत, हे मला ठाऊक आहे. त्या व्यापाऱ्यांना गाडी चालवायची आहे, लिंबाखाली उभी करायची नाही. हे हसतील, वेडी आहेस म्हणतील, आणि हात पुढं करतील. तरी आज चहाच्या वेळी मी म्हणणार आहे...

अहो, गाडी देऊन टाका. रोटर तेवढा माझ्याजवळ राहू द्या ना.