जुन्या प्रसूतिगृहातलं मतदान

आमच्या गल्लीतल्या निम्म्या माणसांना जन्मल्याबरोबर पहिला हात लागला तो मावशींचा. उतारावरच्या नगरपालिकेच्या प्रसूतिगृहात त्या आया होत्या. खरं नाव कागदोपत्री असेल, पण डॉक्टरीणबाईंपासून पेशंटच्या नवऱ्यापर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणायचे. फरशी पुसायची, पाणी तापवायचं, कळा देणाऱ्या बाईची कंबर चोळायची आणि बाळ आलं की दुपट्यात गुंडाळून बाहेर दाखवायला आणायचं, हे त्यांचं काम. रस्त्यात कुणी मिशीवाला बाप्या तावातावानं बोलायला लागला की त्या म्हणायच्या, "हळू रे. जन्मलास तेव्हा आवाज निघावा म्हणून दोन फटके द्यावे लागले होते तुला."

एके वर्षी नगरपालिकेच्या निवडणुकीत एक उमेदवार उघड सांगत फिरत होता, की लहान दवाखाने बंद करून सगळं मोठ्या हॉस्पिटलात नेणार. मतदानाच्या दिवशी रात्रपाळीची ड्यूटी संपवून मावशी केंद्रावर गेल्या. रांग नव्हतीच. टेबलामागचे कर्मचारी जांभया देत बसले होते. घरी आल्या तर मुलगा अजून पांघरुणात.

"ऊठ, मत देऊन ये."

"आई, माझ्या एकट्याच्या मतानं काय आभाळ कोसळणार आहे? सुट्टी आहे, झोपू दे."

अख्खी गल्लीच अशी लोळत पडली होती. तो उमेदवार थोडक्या मतांनी निवडून आला आणि बोलल्याप्रमाणे त्यानं केलं. प्रसूतिगृहाला कुलूप लागलं.

तेव्हा मावशींची सून गरोदर होती. पुढे दिवस भरले आणि एका दुपारी कळा सुरू झाल्या. टॅक्सी पुलापर्यंत पोचली आणि वाहतुकीत अडकली. आयुष्यभर ज्या कामात हात गुंतले होते, ते काम मावशींनी त्या दिवशी गाडीच्या मागच्या सीटवर केलं. मुलगी होती. त्यांनी तिचं तोंड पुसलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या, पुन्हा पाठ चोळली. पुढच्या सीटवरून मुलगा मान वळवून बघत होता. बाहेर हॉर्न वाजत होते. आत काहीच आवाज नव्हता.

हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, "नाळ गळ्याभोवती होती. जवळपास कुठे वेळेवर नेलं असतं तर..."

मावशी मुलाला यावरून कधी एक शब्द बोलल्या नाहीत. तेच त्याला सोसेना. जेवताना आईनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं तरी तो अर्ध्या ताटावरून उठायचा.

भाजी आणायला मावशींना त्या कुलूपबंद इमारतीवरूनच जावं लागे. आणि तिथे त्यांना रडणं ऐकू यायचं. भुकेचं रडणं, पोट दुखल्याचं, ओलं झाल्याचं, सगळी रडणी त्यांच्या कानाला पाठ होती. हे त्यातलं एकही नव्हतं. कानाचा दोष असेल म्हणून त्या गप्प राहिल्या. एकदा सून बरोबर होती. इमारतीसमोर तिची पावलं थबकली आणि तिनं सासूचा दंड घट्ट धरला.

"आई, तुम्हालाही येतं ऐकू?"

मावशींनी मान हलवली. दोघी भाजी न घेताच परतल्या.

पुढच्या निवडणुकीला शाळेची डागडुजी चालू होती, म्हणून मतदान केंद्र त्याच इमारतीत आलं. साफसफाईला नगरपालिकेनं मावशींनाच बोलावलं. बाळंतपणाच्या खोलीत फरशीवर टेबलाच्या पायांचे गंजके डाग तसेच होते. कर्मचाऱ्यांनी मतदान यंत्र नेमकं तिथेच मांडलं. मावशी बघत राहिल्या.

"आपण घरोघर जाऊ या," त्या संध्याकाळी सून म्हणाली. बाळ गेल्यापासून तिनं स्वतःहून काही करायचं म्हटलं ते पहिल्यांदाच.

दोघी दारोदार फिरल्या. मावशींनी कुणाला उपदेश केला नाही. एवढंच म्हणायच्या, "उद्या ये. तू जन्मलास ती खोली उघडलीय."

एकजण दारातूनच म्हणाला, "मावशी, सगळे चोर आहेत."

"असतील. मग चोर तरी जागेपणी निवड. मागचा झोपलेल्यांनी निवडला."

दुसऱ्या दिवशी उन्हातान्हात रांग फाटकाबाहेर आली. आत शिरताना लोकांचे आवाज आपोआप खाली यायचे, वॉर्डात येतात तसे. मावशी पायरीवर बसून होत्या. सून सकाळीच मत देऊन आली होती. मुलगा आला तो अगदी शेवटी, आणि उंबऱ्याशीच थांबला.

"आई, आत कुणीतरी रडतंय."

"हो," मावशी म्हणाल्या. "रडू दे. तू आत जा."

तो गेला. बोटाला शाई लावून बाहेर आला आणि पायरीवर आईशेजारी बसून राहिला, फाटक बंद होईपर्यंत.

निवडून आलेल्या बाईंनी प्रसूतिगृह उघडलं, पण गल्लीतल्यांनी बरेच खेटे घातल्यावर, आणि तेही अर्धंच. मावशींचं वय झालं म्हणून त्यांना परत घेतलं नाही. मुलगा एरवी त्या रस्त्यानं जात नाही, लांबच्या वळणानं कामावर जातो. मात्र मतदान आलं की सकाळपासून तो एकेक दार ठोठावत फिरतो. कारण सांगत नाही, वाद घालत नाही, नुसता दारात उभा राहतो. त्याच्याकडे पाहून लोक निमूटपणे चपला घालतात.