राजाची पावडर

हे मी आजवर कुणाला बोलले नाही – नवऱ्यालाही नाही. तुम्हाला कामून सांगायलेय, तेही मला नीट कळत नाही.

आम्ही मादन हिप्परग्याचे. माझे थोरले दीर, अण्णा, शेतातल्या खोलीत एकटे राहायचे. बायको गेलेली, पोरं पुण्याला. मेंढरं विकली तेव्हा त्यांनी राखणीचा कुत्रा तेवढा ठेवून घेतला. राजा.

एकदा राजाच्या पायाला जखम झाली, ती चिघळली म्हणून गोळ्या चालू होत्या. जखम भरली, पण पोट बिघडलं. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी पोटातले चांगले जंतूही मेलेत, ते परत वाढवायला हवेत. त्यांनी प्रोबायोटिकची पावडर दिली. मऊ भातात कालवून द्यायची. हाडं, तेलकट अजिबात नको.

तेवढ्यात अण्णांचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. कलबुर्गीला जाताना राजाला माझ्या दारात बांधलं.

"पावडर चुकवू नको, बाई. तुझ्या भरवशावर सोडायलोय."

"व्हय, अण्णा," मी म्हणाले.

घरात माझ्या पोराचं जावळ होतं, पाहुण्यांनी घर भरलेलं. त्यात कुत्र्यासाठी वेगळा भात शिजवायचा? – मला राग आला. खरं सांगू, राग कामाचा नव्हताच. अण्णांनी माझ्या पोराला कधी इतक्या मायेनं जवळ घेतलं नव्हतं. मी मटणाचा रस्सा आणि हाडं राजापुढं टाकली. दुसऱ्या दिवशीही तेच. पाकीट फोडलंसुद्धा नाही.

मग त्याला रक्त पडायला लागलं. तेव्हा तरी डॉक्टरांना बोलवायचं ना? पण त्यांनी पहिल्यांदा विचारलं असतं, खायला काय घातलं? मी गप्प बसले. राजा गोठ्यामागं पडून राहिला, तिथंच गेला. पाकीट मी चुलीत घातलं.

अण्णा आले ते डोळ्यावर पट्टी बांधून. कसा गेला, विचारलं. आणि मी म्हणाले – "सुटून गेला होता. बसप्पांच्या शेताकडनं आला अन् उलट्या करायला लागला. डुकरांसाठी विष ठेवलं असंल त्यांनी."

बसप्पा अण्णांचे लहानपणापासूनचे दोस्त, बांधाला बांध असलेले. सकाळचा चहा दोघांचा एकत्र. ते धावत आले, "मी विष ठेवलंच न्हाई रे," असं पुन्हा पुन्हा सांगत राहिले. अण्णांनी तोंड फिरवलं. मी दाराआड उभी होते. तेव्हा बोलता आलं नसतं का?

नंतर कित्येक वर्षं ते दोघं बोलले नाहीत. मागच्या उन्हाळ्यात बसप्पा वारले. अण्णा आता आमच्याच घरी असतात. बसप्पांची माती निघाली तसे ते उठून उंबऱ्यापर्यंत गेले, थांबले, आणि मला विचारलं, "जाऊ का गं?"

मी म्हणाले, "न्हाई अण्णा. कशाला?"

ते परत येऊन बसले. मी त्यांना जेवायला वाढलं.