अक्काच्या खिडकीतला निळा डाग

प्रयोगशाळेत लेसर चालू असताना आम्ही आत फोन नेत नाही. बाहेरच्या खणात ठेवलेला फोन संध्याकाळी हातात घेतला, तर भाचीचे, मेघाचे, कितीतरी मिस्ड कॉल. लावला. ती एवढंच म्हणाली, "मामा, आई गेली." त्याला आता दीडेक महिना होईल. अक्काबद्दल चार चांगले शब्द लिहायला बसलो खरा, पण घरात आजवर कुणालाच न सांगितलेलं आधी लिहावं लागेल...

अक्का माझी थोरली बहीण. कोपरखैरण्यात सोसायटीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात ब्लाउज शिवायची. त्याच शिलाईवर मी शिकलो. गिऱ्हाइकांना ती कौतुकाने सांगायची, "माझा भाऊ लेसरवाला." एकीने विचारलं, "म्हणजे ते केस काढतात, ते?" अक्का मान वर न करता म्हणाली, "हो, तुझी मिशी राहिलीय ना, पाठवते त्याला."

मग तिच्या उजव्या डोळ्यामागे गाठ निघाली. डॉक्टरांनी लगेच रेडिएशन घ्यायला सांगितलं, पण त्यात डोळ्याला धोका होता. मी तिला आमचं काम समजावलं. लेसरचा प्रचंड ताकदीचा झोत केसाहून पातळ धातूच्या पत्र्यावर मारायचा, की पलीकडून प्रोटॉन सुसाट सुटतात. प्रोटॉन ठरावीक खोलीवर जाऊन थांबतात, पुढच्या भागाला धक्का लागत नाही. तेव्हा प्रोटॉनचे हे उपचार परदेशात, इमारतीएवढ्या यंत्रांवर होत. लेसरमुळे ते एका खोलीत मावावेत, ही आमची धडपड. मी तिला एक फिल्मही दिली. प्रोटॉन पडले की फिल्मवर निळा डाग उमटतो. हा डाग गोल, गडद, देखणा होता.

"माझ्या डोळ्यामागं असाच जाईल?"

"असाच."

त्या दिवशीच्या बाकीच्या फिल्म जवळजवळ कोऱ्या होत्या, हे मी सांगितलं नाही. आमचा एक शॉट, म्हणजे लेसरचा एक मारा, दुसऱ्यासारखा येत नाही. आमचे प्रोटॉन तेव्हा कातडीखाली जेमतेम पोचत, डोळ्यामागची गोष्टच सोडा. परिषदांत सगळेच आपला सर्वांत चांगला शॉट दाखवतात, आणि समोरच्यांना ते ठाऊक असतं. अक्काला ठाऊक नव्हतं.

"मग थांबू का रे मी? डोळा गेला तर सुईत दोरा कोण ओवणार, तुझा लेसर?"

मी हसलो. म्हणालो, "थांब असं नाही म्हणत... पण एक-दोन वर्षांत बरंच काही होईल."

ते वाक्य मी किती वेळा उलटंपालटं करून पाहिलं असेल. पकडायला गेलं तर त्यात खोटं काही सापडत नाही, आणि तरी... तिच्या नजरेतलं ते कौतुक मला सोडवत नव्हतं, एवढंच. तिने डॉक्टरांना सांगून टाकलं, "भावाचं मशीन येतंय." आणि थांबली. त्या डोळ्याला दिसेनासं झालं, तेव्हा कुठे रेडिएशन घेतलं. पुढे मोठ्या यंत्रांवरचे प्रोटॉनचे उपचार आपल्याकडेही सुरू झाले, पण तोवर गाठ हाताबाहेर गेली होती. एका डोळ्याने, सुई खिडकीकडे धरून, ती दोरा ओवत राहिली.

शेवटच्या भेटीत तिने विचारलं, "झालं का रे मशीन?"

"काम चालू आहे, अक्का."

"चालू दे. मला नाही तर दुसऱ्या कुणाला तरी..."



सगळं आटोपल्यावर मेघाने गाळा उघडला. मशीनवर अर्धवट बाही तशीच होती. माझी फिल्म अक्काने खिडकीच्या काचेला चिकटवली होती, दोरा ओवताना समोर दिसेल अशी. ही फिल्म उजेडात ठेवायची नसते, ऊनही तिला निळं करतं. तेही मी कधी सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत ती कडेपासून कडेपर्यंत निळी झाली होती.

"मामा, यातला तुमचा डाग कुठला?" मेघाने विचारलं.

मी वाकून, काचेला नाक लावून शोधला. सापडला नाही.