मॅडमचं आजारी वावर

"हात मागं!"

मॅडमच्या वावरात पाऊल टाकायचं तर आधी हा हुकूम ऐकावा लागे. त्या स्वतः बांधावर उभ्या राहत, दोन्ही हात पाठीमागे नेऊन एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरत, आणि समोरचा माणूस तसंच करेपर्यंत जागच्या हलत नसत. मग शाळेत प्रार्थनेला जावं तसे आम्ही रांगेने तुरीत शिरायचो. मी, मुकादम नाना, खुरपायला येणाऱ्या बायका. एकदा दिल्लीहून मोठे साहेब आले होते, त्यांच्या हातात चहाचा कप होता. तो त्यांनी मुकाट्याने बांधावर ठेवला आणि हात मागे घेतले.

कारण साधं होतं. शेतात वाळकं रोप दिसलं की आपल्याकडच्या माणसाचा हात आपोआप खाली जातो. गप्पा मारता मारता तो ते उपटतो, बांधावर भिरकावतो, आणि आपण काही केलं हे त्याच्या ध्यानातही राहत नाही. तुम्हीही हे पाहिलं असेल, केलंही असेल. मॅडमच्या वावरात मात्र याहून मोठं पाप नव्हतं. कारण ते वावर मुद्दाम आजारी ठेवलेलं होतं.

तुरीचा मर रोग ज्याने पाहिलाय त्याला जास्त सांगायला नको. चांगलं फुलावर आलेलं झाड एके दिवशी मान टाकतं आणि उभ्या उभ्या वाळून जातं. रोग मातीत राहतो, मुळातून वर चढतो, फवारणीला दाद देत नाही. खरा उपाय एकच, हा रोग पचवणारी तूर तयार करणं. आणि ती पचवते की नाही हे बघायचं तर तिला रोगातच पेरायला हवं. म्हणून मॅडमनी, मी या संशोधन केंद्रात यायच्या कितीतरी आधी, पाचोडपासून लासूर स्टेशनपर्यंतच्या शेतांतून मेलेली झाडं गोळा करून आणली होती आणि त्यांचे तुकडे करून या वावरात पुरले होते. पुढे दरवर्षी जी झाडं मरत ती तिथेच कापून तिथेच गाडायची. लोक वावराला शेणखत घालतात, या बाई रोग घालायच्या.

थोड्या थोड्या ओळींनंतर एक ओळ 'भोळी'ची असे. हे नाव मॅडमनीच ठेवलेलं. ही एक जुनी तूर, रोग दिसला की पहिली मरणारी. "भोळी मेली म्हणजे समजायचं, इथं रोग आहे," त्या सांगत. "आणि तिच्या शेजारची जगली, तर ती खरी. भोळीच जगली, तर मग कुणाचंच काही खरं नाही." त्यामुळे सकाळी त्या मला भेटल्या की नमस्काराऐवजी विचारत, "काय, भोळी गेली का?" गेली म्हटलं की चेहरा खुलायचा.

या सवयीने एकदा फजिती झाली. सिडकोतल्या घरून केंद्राकडे येताना त्या शेअर रिक्षात बसल्या होत्या आणि फोनवर नानाला मोठ्याने विचारत होत्या, "किती मेले? एवढेच? छे, आणखी मरायला पाहिजेत." शेजारच्या बाई सरकून पार कडेला गेल्या. उतरताना रिक्षावाल्याने अदबीने विचारलं, "म्याडम, आप कौनसे दवाखाने में है? नहीं, हमारी अम्मी की तबियत जरा ठीक नहीं, मालूम रह्या तो अच्छा." ही गोष्ट त्या स्वतःच सांगत आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत.

माझं काम प्रयोगशाळेतलं. मी लासूरच्या आडत्याचा मुलगा, तूर पोत्यात पाहिलेली, उन्हात उभं राहण्याची हौस नाही. मॅडमनी रोग पचवणाऱ्या एका तुरीचा भोळीशी संकर करून पुढच्या पिढ्यांतून पुष्कळ वाण वेगळे काढले होते. ती सगळी एका घरातली भावंडं. कुणी आईवर गेलेलं, कुणी बापावर. कोण मेलं आणि कोण जगलं हे वावर सांगणार, आणि प्रत्येकाच्या आत कुठला गुण कुठून आला हे माझं यंत्र सांगणार. दोन्ही ताडून पाहिलं की रोग अडवणारा गुण नेमका कुठे बसलाय याचा नकाशा हाती येतो. तो आला की पुढच्यांना वर्षानुवर्षं रोगात पेरत बसायला नको. बोटभर पानावरून कळेल, हे रोप ठेवायचं की नाही. औरंगपुऱ्याच्या दाट वस्तीत एखाद्याचं घर शोधावं तसं आमचं चाललं होतं. रस्ता सापडला होता, गल्लीही सापडली होती. दार तेवढं राहिलं होतं.

आणि त्या दाराने आमच्या नाकी नऊ आणले. एका वर्षी पावसाने वावरात असं पाणी साचलं की कोण रोगाने मेलं आणि कोण बुडून, हे देवाला ठाऊक. पुढच्या वर्षी रानडुकरं शिरली. ती काही हात मागे घेऊन आली नव्हती. मी चिडायचो, हे सगळं सोडून द्यावं म्हणायचो. मॅडमही चिडायच्या, पण त्या माझ्यावर. "तुमचं यंत्र थंड खोलीत बसतं, त्याला लवकर कंटाळा येतो. जा, पाणी प्या आणि या." आमचं रोज वाजायचं आणि रोज दुपारी आम्ही एकाच डब्यातलं खायचो. त्यांच्या डब्यात बहुतेक तुरीचंच वरण असे.

मग ते वर्ष आलं. पाऊस बेताचा, कुंपण नवं, आणि भोळी अशी पद्धतशीर मरत होती की मॅडम गुणगुणत फिरायच्या. त्या नोव्हेंबरअखेर निवृत्त होणार होत्या. शेंगा भरल्यावरची शेवटची पाहणी तेवढी बाकी होती, कोण अखेरपर्यंत टिकलं ते बघण्याची. ती निरोप समारंभानंतरच्या आठवड्यात करायची असं आमचं ठरलं होतं. निवृत्त झाल्या म्हणून कुंपणाबाहेर थोडंच कुणी काढणार होतं? सगळं आयुष्य ज्यासाठी उन्हात घातलं ते दार त्या पाहणीने उघडणार होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मोठ्याने बोलायला भीत होतो इतकंच.

समारंभ झाला. शाल, नारळ, भाषणं, गार झालेली भजी. शेवटी नाना पुढे आला. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा. "म्याडम, वावरात चला. आमी बी तुमच्यासाठी कायतरी केलंय."

आम्ही गेलो. बांधावर झेंडूचं तोरण बांधलेलं होतं, बायका नवी लुगडी नेसून उभ्या होत्या, आणि वावर स्वच्छ होतं. म्हणजे अगदी स्वच्छ. एकसुद्धा वाळकं झाड नाही. सुट्टीच्या दोन दिवसांत एकूण एक मेलेलं, मरायला टेकलेलं झाड मुळासकट उपटून नेलेलं. मोकळी माती खणून तिच्यात शेणखत आणि रोग मारणारी बुरशी कालवलेली. ओळींच्या पाट्यासुद्धा खणताना निघाल्या म्हणून पुसून एका कोपऱ्यात नीट रचून ठेवलेल्या. जी उरली ती तूर हिरवीगार, पिवळ्या फुलांनी आणि शेंगांनी लगडलेली. एखाद्या कॅलेंडरवर छापावी अशी.

नाना म्हणाला, "आमचा बाप दुसऱ्याचं वावर बटईनं करायचा. म्हणायचा, सोडताना वावर निर्मळ करून द्यावं, न्हाय तर केलेलं कारणी लागत न्हाय. तुमचं काम संपलं, आता याला कशापायी आजारी ठिवायचं? लई वर्सं जीव तुटायचा बघा बघून. जाताना तुमच्या डोळ्यानं येकदा बरं झालेलं बघा, म्हणलं."

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं मला ठाऊक नाही. माझ्या तर तोंडात शिवी आली होती. मी पुढे सरकलो तसा मॅडमनी माझा दंड धरला, चांगला जोरात. मग दोन्ही हात मागे घेतले आणि त्या वावरात शिरल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून आल्या. परत आल्यावर म्हणाल्या, "नाना, लई छान दिसतंय. असं मी कधीच बघितलं नव्हतं."

नानाने पेढा दिला. तो त्यांनी खाल्ला.

खोलीत आल्यावर मात्र त्यांनी शाल काढून टेबलावर आपटली. "सत्कार! माझाच सत्कार मला नडला!" आणि त्या रडायला लागल्या. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहत होतो, त्यामुळे जास्तच भडकलो. म्हटलं, त्याला सांगितलं का नाही? असा कसा पेढा खाल्लात?

"मग काय सांगू? लुगडी नेसून उभ्या होत्या हो त्या. बघितलंत ना?"

"मग आता?"

"आता काय, या वर्षाचं गेलं. कोण कुठल्या ओळीतलं होतं, काय कळणार?" डोळे पुसून त्यांनी आपटलेली शाल उचलून तिची घडी घातली. मग एकदम विचारलं, "उपटलेली झाडं टाकलीत कुठं यांनी? जाळली तर नाहीत ना?"

जाळली नव्हती. उकिरड्यावर टाकली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी या बाई रिक्षातून उतरल्या त्या हातात विळा घेऊनच. फाटकावरच्या माणसाला वाटलं, काहीतरी विसरलं असेल म्हणून आल्या. त्या सरळ उकिरड्यावर जाऊन बसल्या आणि मेलेल्या तुरीची खोडं निवडून त्यांचे तुकडे करू लागल्या. ओळख गेली होती, पण रोग त्या खोडांत अजून होता. तो परत वावरात पेरायचा होता.

नाना लांबून बघत होता. शेवटी जवळ आला. "म्याडम, हे काय करायलात?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मॅडमनी त्याला सगळं सांगितलं, न रागावता, भोळीपासून दारापर्यंत. मी निवृत्त झाले, काम नाही झालेलं, हेही सांगितलं. नाना तिथेच खाली बसला. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मंग काल बोल्ला का न्हाय? पेढा कशापायी खाल्ला?"

"गोड होता," मॅडम म्हणाल्या. "आता विळा घ्या."

तो हिवाळाभर ती दोघं उकिरड्यावर बसून असत. मी पण जायचो, हातमोजे घालून. त्यावर दोघांनी मिळून माझी भरपूर टिंगल केली. तुकडे करून, कालवून, वावरात पुरून झाले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "पुढच्या पेरणीला भोळी सगळीकडं लावा. तिला विचारल्याशिवाय पुढचं पाऊल नाही." आम्ही हो म्हटलं.

पेरणीच्या आधीच त्या गेल्या. मे महिन्यात, दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. त्यांच्या धाकट्या बहिणीने फोनवर सांगितलं तेव्हा मी नुसतं "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. असं कुणी म्हणतं का? पण मी म्हणालो.

जूनमध्ये आम्ही वावरभर भोळी पेरली. आणि ती मेलीच नाही. श्रावण सरत आला, भोळी कमरेएवढी. पोळा झाला, गणपती गेले, भोळी हिरवीगार. नाना रोज सकाळी जाऊन येई आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवी. त्याने ते वावर इतक्या प्रेमाने बरं केलं होतं की आता ते आजारी पडायला तयार नव्हतं. नवे संचालक फेरी मारायला आले, म्हणाले, "वा! काय पीक आलंय! मग रोगच नसेल तर हा प्लॉट चालवायचा कशाला? बंद करू. इथे अतिथिगृह छान होईल." मी म्हटलं, दिवाळीपर्यंत थांबा. ते हसून बरं म्हणाले. त्या हिरव्या रंगाचा मला इतका संताप यायचा की काय सांगू! मॅडमवरही राग यायचा. एवढं सगळं मांडून ठेवून अर्ध्यात उठून जायचं असतं का माणसाने?

दसरा होऊन गेला होता. सकाळी प्रयोगशाळेच्या दारात नाना धापा टाकत आला आणि तसाच वळून चालू लागला. मी मागे गेलो. वावराच्या मधोमध, फुलावर आलेल्या भोळीतल्या एका झाडाने मान टाकली होती. पानं खाली लोंबत होती. मी वाकून पाहिलं. बुडापासून खोडावर जांभळा पट्टा वर चढला होता. थोड्या अंतरावर दुसरं झाड. त्याच्या पलीकडे आणखी एक.

माझा हात खिशातल्या फोनकडे गेला. भोळी गेली, एवढंच सांगायचं होतं. मॅडमचं नाव काढलंसुद्धा मी स्क्रीनवर. मग तसाच उभा राहिलो, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला रडू आलं.

नाना पुढे उभा होता, त्या मरणाऱ्या झाडासमोर, माझ्याकडे पाठ करून. त्याचे दोन्ही हात मागे होते. एका हाताने दुसऱ्याचं मनगट त्याने घट्ट धरून ठेवलं होतं.