कानाशी धरलेला नारळ

नंदुरबारला देवळाबाहेर नारळ विकणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. प्रत्येक नारळ तो कानाशी हलवायचा. पाणी वाजलं नाही तर नासका म्हणून बाजूला ठेवायचा. देव मानत नसल्याचं मोकळं हसून सांगायचा.

आई गेल्यापासून माझीही श्रद्धा उडाली होती. पण बायकोच्या धाकानं दर शनिवारी नारळ वाहून भक्ताचं सोंग करायचो. देवाशिवाय आपण वाईट होऊ, अशी भीतीही होती.

एकदा त्याला विचारलं, "देवच नही, ते नासका खपाडाले काय हरकत शे?"

"नारय तुन्हा पोरे खातस, दादा! देव थोडाच खास?"

त्या दिवशी नारळ घरीच फोडला. बायकोला माझ्या सोंगाचं सगळं सांगितलं. तिनं करवंटीतून खोबरं काढलं. मग खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवत म्हणाली, "परसाद नको म्हनू, पन खाय."