कंटेनरमधलं पाचट

शिरवळच्या कारखान्यात आम्ही एक पांढरी पावडर बनवायचो. ड्रममध्ये भरून ती बोटीनं परदेशी जायची. कंटेनरमध्ये माल नीट भरला की नाही हे बघणं माझं काम. नव्वदच्या दशकात रसायनशास्त्र शिकलेली बाई गड्यांवर ओरडते, याचीच लोकांना मौज वाटायची. वाटू दे. मला ओरडायला आवडायचंच.

भर समुद्रात बोट हेलकावे खाते, ड्रम एकमेकांवर आपटतात. म्हणून मधल्या फटींत हवा भरलेल्या रबरी पिशव्या घालायच्या. एकदा त्या पिशव्या वेळेवर आल्याच नाहीत. मी जेवून आले तर कंटेनर भरून तयार, आणि ड्रमांच्या मध्ये गच्च कोंबलेलं उसाचं पाचट, वाळका पाला! भरणी करणाऱ्या गड्यांच्या मुकादमानं स्वतःच्या रानातून ट्रॉली भरून आणलं होतं. फुकट ते पौष्टिक, म्हणून मॅनेजरही खूश.

माझं डोकंच सटकलं. "उतरवा सगळं!"

"आवं ताई, गादी केलीया गादी!" मुकादम दुखावले. "माज्या म्हशीला बी अशी न्हाई. तुमच्या आटपाडीकडं उसाचा पत्ता न्हाई, तुमास्नी पाचट काय म्हाईत!"

गडी फिदीफिदी हसले. मला मिरच्या झोंबल्या. दुष्काळी मुलखातली म्हणून मला पाचट कळत नाही, आणि यांना पावडर कळते! मुकादमांनी कधीतरी सांडलेल्या पावडरीला काडी लावून बघितली होती. पेटली नाही. घोडं तिथंच पेंड खात होतं. ती एकटी पेटत नाही हे खरंच होतं.

मी वाळूची बादली मागवली, लांब भिंतीकडं पत्रा टाकला, त्यावर मूठभर पाचट आणि वर चिमूटभर पावडर. सगळ्यांना मागं सारून लांब काठीच्या टोकाला लावलेला बोळा पेटवला आणि पुढं केला. भस्सकन जाळ उठला. पाचट असं पेटलेलं उसाच्या मुलखातल्या त्या माणसांनीही कधी बघितलं नव्हतं. मी वाळू ओतली.

"ही सवता जळत न्हाई, मुकादम. शेजारच्याला जाळती."

"आयला," मुकादम म्हणाले, "म्हंजी भावकीच की!"

मलाही हसू फुटलं. तेवढ्यात मॅनेजर आला. म्हणाला, "बोटीवर काडी लावायला कोण बसलंय? दार लावा. आज गाडी निघाली नाही तर बोट चुकेल."

"ड्रम फुटून पावडर पाचटात सांडली, वर घासलं, तापलं, तर काडी लागत नाही," मी म्हणाले.

"तू बाजूला हो. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

घर माझ्याच नोकरीवर चालत होतं. पण पाय काही हलेनात. मी चढले आणि कंटेनरच्या उंबऱ्यातच बसले. साडी, चप्पल, सगळं पाचटानं माखलं. म्हटलं, "लावा दार. माझ्यासकट लावा."

मॅनेजरनं मुकादमांना खूण केली, बाईला खाली उतरवा म्हणून. मुकादम जवळ आले. मी दाराची कडी दोन्ही हातांनी धरली. पण ते माझ्याकडं बघतच नव्हते, आतल्या पाचटाकडं बघत होते.

"ताई, उसाचा फड पेटला तर आमी बांध ओलांडून पळतो," ते हळू आवाजात म्हणाले. "बोटीवरची माणसं कुठं पळत्यात वं?"

"कुठंच नाही."

ते मला ओलांडून आत शिरले, दोन्ही हातांनी पाचटाची कवळ उपसली आणि माझ्या डोक्यावरून बाहेर फेकली. "बघताय काय रं? चढा वर!"

"मुकादम, बोट चुकेल!" मॅनेजर खालून ओरडला.

"चुकंल," मुकादम आतनं म्हणाले, आणि दुसरी कवळ बाहेर आली.