न वाजणारा डबा

हौसाक्का कुठलीही बंद वस्तू आधी कानाशी नेऊन हलवायच्या. नारळ काय, सगळेच हलवतात. हौसाक्का काडेपेटी हलवायच्या, खोकल्याच्या औषधाची बाटली हलवायच्या. भाडेकरूंची कुरिअरनं आलेली खोकी हलवून "कापडं हायेत" किंवा "काचंचं हाय, फुटलंय" असं सांगूनच वर पाठवायच्या. आणि फुटलेलं असायचंच.

हिंजवडीला लागून असलेल्या माणमध्ये त्यांच्या घराखालचा गाळा भाड्यानं मागायला गेलो, तेव्हा मी नमुना म्हणून व्हिडिओ गेमचा एक सीलबंद डबा नेला होता. म्हातारीवर छाप पडेल अशी माझी समजूत. त्यांनी डबा घेतला, कानाशी धरला, दोनदा हलवला. आत बारीक टिक् झालं.

"चकती हाय," त्या म्हणाल्या. "गान्याची का शिनेमाची?"

"खेळाची, आक्का."

"आन ह्येचं दुकान चालतंय?"

"चालेल की."

"नाव काय रं तुजं?"

"निखिल."

"निकाल," त्या म्हणाल्या. मी दुरुस्ती करायला तोंड उघडलं, तोवर पुढचं आलं, "लागंल मग. कसा लागतुया त्ये बगू."

तेव्हापासून मी निकाल. सकाळी शटर वर गेलं की वरच्या गॅलरीतून हाक यायची, "निकाल लागला का रं आज?" आणि समोरच्या चहावाल्यापासून सगळे हसायचे. हसण्यासारखंच होतं. हिंजवडीच्या काचेच्या इमारतीतली बरी नोकरी सोडून मी हे दुकान टाकलं होतं, आणि ती इमारत हौसाक्कांच्या सासऱ्यांच्या वावरात उभी होती. "आमचा बांध तुज्या सायबाच्या टेबलाखालनं जातुय," असं त्यांनी मला गाळा ठरवतानाच, राजीनाम्याच्या आधी, सांगितलं होतं. साहेबाला हे कळवायची माझी फार इच्छा होती, पण राजीनाम्याच्या पत्रात ते बसेना.

खेळायला त्या माझ्यामुळे शिकल्या असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं असं की एक भाडेकरू बंगळूरला जाताना सामान जास्त झालं म्हणून आपलं गेमिंगचं मशीन त्यांना देऊन गेला. त्याबरोबर ट्रॅक्टरनं शेती करायच्या खेळाची एक चकती होती. हौसाक्का दुपारी दुकानात येऊन बसल्या, मी कुठली बटणं दाबतो ते पाहिलं आणि आठवड्याभरात मला म्हणाल्या, "तू नांगरतुयास का वावर इस्कटतुयास?" पण हे सगळं त्या स्वतःसाठी शिकत नव्हत्या. त्यांना ते मशीन माहेरी न्यायचं होतं.

माहेर मुळशी धरणाच्या मागच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत. तिथं त्यांचा धाकटा भाऊ कोंडिबा. आंबे उतरवताना फांदी मोडून तो खाली आला आणि त्याचं कमरेखालचं अंग गेलं. भाताची चार खाचरं स्वतः लावणारा माणूस खाटेवर पडला तो भिंतीकडे तोंड करून. आठ महिने कुणाशी बोलला नाही. हौसाक्कांनी मशीन गोधडीत गुंडाळलं, मांडीवर घेतलं, एसटीनं आणि मग जीपनं वाडीच्या पायथ्याला नेलं, आणि तिथून डोक्यावर. त्याच्या हातात बटणं दिली, घरातल्या टीव्हीच्या पडद्यावर ट्रॅक्टर चालू केला. तासाभरानं कोंडिबा बोलला. "आक्का, ह्येचा नांगर उथळ चाललाय."

हे सांगताना हौसाक्कांनी डोळ्याला पदर लावला नाही. "आठ म्हैन्यांनी तोंड उगाडलं त्ये पन खोट काडाया," एवढंच म्हणाल्या आणि दिवसभर हसत होत्या.

मग तो नवा खेळ निघाला. त्यात भात होतं. चिखलणी, रोपं, लावणी, खाचरात पाणी अडवणं, सगळं. मी मोठ्या मिजाशीत मोबाइलवर त्यांना त्याची चित्रं दाखवली. त्यांनी ती फार वेळ पाहिली.

"कोंडूला लावनी करता यील?"

"खाटेवर बसून."

"मंग आन. ह्या पावसाच्या आत आन. त्येची खाचरं औंदाबी दुसरी मानसं लावनार हायेत. त्येला आवाज ऐकू येनार, आन त्यो पडून ऱ्हानार. तवा त्येच्या हातात कायतरी पायजे."

मी डबा मागवला. आला तो झकास. वर हिरवीगार खाचरं, सोनेरी अक्षरं, पारदर्शक कागदात गच्च सीलबंद. हौसाक्कांनी कानाशी धरून हलवला. पुन्हा हलवला. मग दुसऱ्या कानाशी नेला.

"वाजत न्हाई रं, निकाल."

इथं मी एक व्याख्यान दिलं. आता ते आठवलं की मला माझ्याच मुस्कटात मारावीशी वाटते. मी म्हणालो, "आक्का, आता पॅकिंगचं तंत्र फार पुढं गेलंय. चकती आत अशी घट्ट बसवतात की तिला ओरखडा जाऊ नये. न वाजणं ही क्वालिटीची खूण आहे." क्वालिटी हा शब्द मी दोनदा वापरला. डबा उलटा करून मागचा मजकूर एकदाही वाचला नाही.

तिसऱ्या दिवशी त्या वाडीहून परतून थेट दुकानात आल्या. हौसाक्का चिडल्या की आवाज चढत नसे, खाली जात असे. डबा टेबलावर ठेवला, उघडला. चकतीच्या गोल खाचेत काही नव्हतं. शेजारी एक चिठ्ठी खोचलेली, तिच्यावर अक्षरं आणि आकडे यांची गिचमीड.

"सगळी वाडी जमली व्हती," त्या हळू म्हणाल्या. "कोंडूनं सोताच्या हातानं कागूद फाडला. बगितलं आन डबा मिटून मला दिला. आन भिंतीकडं तोंड केलं. आरं, काय तरी बोलला आसता तर बरं झालं आसतं."

डब्याच्या पाठीमागे अगदी तळाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलं होतं की आत डिस्क नाही, कोड आहे, इंटरनेट लागेल. मी दुकानदार. हे वाचणं हे माझं काम. आणि तरीही मला राग आला तो त्या मुंगीच्या पायांचा. ज्यांनी सोनेरी अक्षरं बोटाएवढी काढली त्यांच्याकडे शाई कमी नव्हती. डबा चकतीच्या मापाचा, आत चकतीची खाच, वर चकतीचा भाव. फक्त चकती नाही. ही नजरचूक नव्हे. कुणीतरी बैठक घेऊन, चहा पिऊन हे ठरवलं असणार.

"आमच्यात," हौसाक्का म्हणाल्या, "शेजारनीचा डबा माघारी देताना रिकामा देत न्हाईत. घरात काय नसंल तर चिमूटभर साकर घालत्यात, न्हाईतर तांदळाचं चार दानं. माघारी देतानाची ही रीत हाय, निकाल. आन ही लोकं नवाकोरा डबा इकायला रिकामा काडत्यात?"

मी म्हणालो, "मशीन खाली आणा. दुकानाच्या इंटरनेटवर मी खेळ त्यात उतरवून देतो. माझ्यावर सोडा."

माझ्यावर सोडलेल्या गोष्टींचं काय होतं याचा इतिहास पाहता त्यांनी नकार द्यायला हवा होता. पण पाऊस तोंडावर आला होता. मशीन पुन्हा गोधडीतून आलं. मी कोड टाकला, दिवसभर खेळ उतरत राहिला, संध्याकाळी पडद्यावर खाचरं झळकली. या वेळी मीही त्यांच्याबरोबर वाडीला गेलो, कौतुक ऐकायला.

कोंडिबामामांनी मान वळवून पाहिलं. मी रुबाबात मशीन चालू केलं. खेळाच्या चित्रावर एक छोटंसं कुलूप आलं.

झालं होतं असं की कोड टाकताना मी सवयीनं माझंच खातं वापरलं होतं. त्या खात्याचं घरचं मशीन म्हणजे माझ्या दुकानातलं. तिथं माझे खेळ इंटरनेटशिवाय उघडतात. बाकी कुठल्याही मशीनला दर वेळी इंटरनेटवरून परवानगी मागावी लागते. आणि वाडीत वीज होती, इंटरनेट नव्हतं. कोड एकदाच चालतो, तो चालून गेला होता. चकती असती तर मी कितीही गाढव असलो तरी चाललं असतं. चकतीला मालकाचं नाव विचारायची सवय नसते.

फोनला रेंज यायची ती वरच्या खिंडीत. तिथं हौसाक्कांबरोबर उभं राहून मी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. आवाज मोठा करून ठेवला होता. एक मुलगी गोड हिंदीत म्हणाली की घरचं मशीन वर्षातून ठरावीक वेळाच बदलता येतं आणि तुमच्या खात्यावरची ती संधी संपली आहे. ते खरं होतं. मित्रांच्या घरी माझे खेळ चालवून छाप पाडायला मी ती उधळून बसलो होतो. नवा कोड मिळणार नाही, कारण खेळ निखिल यांच्या नावावर व्यवस्थित पोचला आहे.

हौसाक्कांनी फोन माझ्या हातातून घेतला. "बाई, तुजं जेवन झालं का?"

"जी?"

"डबा आनलायस न्हवं? त्यो उगाडल्यावर आत चिठ्ठी निगाली, की जेवन घरी हाय, येऊन खा, तर तू काय करशील?"

मग ती मुलगी एकदम मराठीत म्हणाली, "काकू, मला वरून जे सांगायला सांगितलंय तेच सांगता येतं."

"व्हय गं बाई. तुज्यावर राग न्हाई," असं म्हणून त्यांनी फोन मला दिला. माझ्यावर होता. "खेळ तुज्या नावावर. म्हंजी डबाबी तुजा. आता सांग, ह्यो खेळ इंटरनेटबिगर उगडतुय कुटं?"

"फक्त दुकानातल्या मशीनवर."

"मंग त्ये आन हितं."

"आक्का, ते दुकानाचं मशीन आहे!"

"आन दुकान कुनाच्या गाळ्यात हाय?"

खाली जाऊन मी दुकानातल्या मशीनवर खेळ उतरवला आणि तिसऱ्या दिवशी ते मशीन पाठीवर घेऊन तो डोंगर चढलो. अर्ध्या वाटेत पावसानं गाठलं. मशीन माझ्या शर्टात आणि मी उघडा, अशा थाटात मी वाडीत शिरलो. या वेळी कुलूप आलं नाही. बाहेर खाचरांत बायकामाणसं वाकली होती, त्यांची बडबड ऐकू येत होती, आणि आत कोंडिबामामा खाटेवर बसून रोपं लावत होते. मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "लई दाट लावत्यात ही लोकं. भात आडवं पडंल." हौसाक्का दारात उभ्या होत्या. त्या बाहेर वळल्या, साडीचा काचा मारला आणि सरळ खालच्या खाचरात उतरून लावणीला लागल्या.

त्यानंतर दुकानात आलेला प्रत्येक डबा त्या हलवायच्या. वाजणारे उजवीकडे, न वाजणारे डावीकडे. डाव्या बाजूच्या प्रत्येक डब्यावर मोठ्या अक्षरांत "आत चिठ्ठी आहे" असा कागद त्यांनी मला चिकटवायला लावला. कंपन्यांचा माल घेऊन येणारा टाय घातलेला माणूस ते बघून हादरला. "मॅडम, हेच फ्युचर आहे."

"आसंल. चिठ्ठी इकायची तर उगडी चिठ्ठी इका की. डबा कशापायी?"

त्यानं नव्या मालाची यादी पुढं केली. डावीकडची रांग वाढत गेली, उजवीकडची आटत गेली, आणि एक दिवस मी शटर शेवटचं खाली ओढलं. गॅलरीतून आवाज आला, "लागला का रं निकाल?" त्या दिवशी चहावाला हसला नाही.

गेल्या हिवाळ्यात हौसाक्का गेल्या. तीन दिवसांचा ताप, एवढंच. मला उशिरा कळलं. कोंडिबामामांना भेटायला वाडीवर गेलो. ते खाटेवर बसले होते, उशाशी माझं मशीन. त्यांनी फडताळाकडे बोट दाखवलं. "आक्का सांगून गेली. निकालचा डबा माघारी द्याचाय."

हिरव्या खाचरांचा, सोनेरी अक्षरांचा तोच डबा. मी तो उघडला नाही. हात आपोआप कानाकडे गेला, आणि हलवला. वाजला. चांगला खणखणीत वाजला.

"तांदूळ हाय," मामा म्हणाले. "खालच्या खाचरातला. त्या दिशी तिनंच लावल्याला."

मी झाकण उघडलं. चकतीच्या गोल खाचेत तांदूळ, हलवल्यानं कडेपर्यंत पसरलेला. शेजारची चिठ्ठी नव्हती.

"ती चुलीत घातली तिनं," मामा म्हणाले. "म्हनली, डब्यात कायतरी घालायचं तर जागा नगं व्हय?"